सात मजल्यांचं नंतर बघू, आधी तळमजला दाखवा

प्रश्न असा आला आहे: "कोथरूडमध्ये आमची १९८६ सालची सोसायटी आहे. तळमजला अधिक तीन, सोळा सदनिका, साधारण हजार चौरस मीटरचा प्लॉट. गल्ली कागदोपत्री सहा मीटरची होती, आता नऊची होणार म्हणतात. गल्लीत चार इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे आणि आम्हालाही ऑफर आली आहे: तळघर, पार्किंग आणि वर सात मजले. शहर बाहेर पसरण्यापेक्षा आतच दाट झालेलं बरं, असं जाणकार सांगतात. इथे मात्र पाणी कमी पडेल, झाडं जातील, गाड्या वाढतील असं दिसतंय. विरोध करावा की सही करावी?"

मी आर्किटेक्ट आहे. गेली पंचवीसेक वर्षं सोसायट्यांचा पीएमसी म्हणून काम करतो. (पुण्यात पीएमसी म्हटलं की लोकांना आधी महापालिका आठवते. मी दुसरा, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. शिव्या दोघांनाही सारख्याच मिळतात.) सहीचं शेवटी बोलू. आधी दुसऱ्या एका गोष्टीकडे बघा, कारण सभेत सगळे जण मजल्यांवरून भांडतात आणि नुकसान जमिनीवर होतं.

पाटीवरचं साधं गणित करू. तुमच्या वेळी एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, एक होता. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर हजार चौरस मीटर बांधकाम आणि त्यात सोळा घरं. २०२०च्या डिसेंबरपासून राज्यात एकत्रित नियमावली लागू आहे. तिच्यात दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१० आहे. त्यावर विकत घ्यायचा प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर (दुसरीकडे रस्त्यात वगैरे गेलेल्या जमिनीचा बांधकाम हक्क) किती चढवता येतो, हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल तर दोन्ही शून्य. नऊ ते बारा मीटरमध्ये प्रीमियम ०.५० आणि टीडीआर ०.४०, एकूण २.००. त्यावर जिने, बाल्कन्या, पॅसेज यांच्या नावाने साठ टक्के जोड क्षेत्र पैसे भरून मिळतं. म्हणजे हजार मीटरच्या प्लॉटवर ३,२०० मीटर. इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी असल्याने मिळणारा प्रोत्साहनपर भाग मी अजून धरलेलाच नाही. ३,२०० मीटरमध्ये नव्वद-एक्क्याण्णव मीटरची पस्तीस घरं बसतात. मजल्यावर पाच, असे सात मजले. तुमच्या बिल्डरने आकडा हवेतून काढलेला नाही.

आता माणसं मोजा. १९८६ मध्ये तुमच्या सोळा घरांत किती जण होते? अशा इमारतीत घरटी पाच जण सहज असायचे, म्हणजे ऐंशी. आज बहुतेक घरांत दोघंच, मुलं बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला, एखाद-दोन घरं बंद. चाळीस माणसं भरली तरी खूप. नव्या पस्तीस घरांत घरटी तीन धरले तर एकशे पाच. त्यातली काही घरं गुंतवणुकीची, कायम कुलपातली. म्हणजे राहती माणसं नव्वदच्या आसपास. तुमचे वडील राहायला आले तेव्हा इमारतीत जेवढी माणसं होती, जवळपास तेवढीच परत येणार आहेत. हा हिशेब मी सभेत मांडतो तेव्हा लोक गप्प होतात, कारण 'गर्दी होणार' हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडावर तयार असतं. त्या काळी शाळा सुटल्यावर संध्याकाळी गल्लीत किती पोरं असायची, ते आठवून बघा.

मग वाढतं काय? गाड्या. १९८६ मध्ये तुमच्या आवारात दोन मोटारी असतील, बाकी स्कूटर आणि सायकली. नव्या इमारतीत पन्नास मोटारींची सोय करावी लागेल, कारण तीन खोल्यांचं घर घेणारा दोन पार्किंग मागतो आणि तुमचे सभासदसुद्धा एक हक्काचं नि एक 'पाहुण्यांसाठी' मागतात. ही सोय करताना आधी तळमजला जातो, मग जमीन, मग झाड.

म्हणून बाहेर पसरायचं की आत भरायचं, या वादात मी आतल्या बाजूचा आहे, आणि तो नकाशे बघून नाही. पुण्याची हद्द १९९७, २०१७ आणि २०२१ अशी टप्प्याटप्प्याने वाढली. २०२१ मध्ये एका फटक्यात तेवीस गावं आली. तिथे इमारती आधी आल्या. नळ, ड्रेनेज, रस्ता नंतर, कधी कधी आलेच नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुलेन-बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण भराभर सापडले आणि बोट पिण्याच्या पाण्याकडे गेलं. नांदेड आणि किरकटवाडी २०२१च्याच यादीतली. पाणी पूर्ण शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरीन टाकून घरोघर जात होतं. वाघोलीच्या कुठल्याही मोठ्या संकुलाच्या दाराशी उन्हाळ्यात सकाळी उभे राहा आणि टँकर मोजा. त्या मानाने तुमच्याकडे पाणी आहे, बस आहे, मार्च २०२२ पासून वनाझची मेट्रो आहे, चालत जाता येईल असा भाजीवाला आहे. हे सगळं एकदा बांधून झालेलं आहे. ते वापरायला आणखी माणसं आली तर शहराचं भलंच आहे.

फक्त जुन्या गल्लीला त्याची किंमत कुठे मोजावी लागते, ते सांगतो. ऑफरच्या कागदावर ते कधीच लिहिलेलं नसतं.

आधी रस्ता. सहा मीटरच्या रस्त्यावर टीडीआर चढत नाही म्हणून महापालिकेने २०२० मध्ये सव्वातीनशेच्या आसपास रस्ते नऊ मीटर करायचं ठरवलं. महापालिका कायद्यातलं कलम २१०, त्याखाली रस्त्याची रेषा आखायची. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जाणार, आणि जाणार तेव्हाच जेव्हा त्या प्लॉटवर नवं बांधकाम होईल. तुमच्या गल्लीत चार इमारती पाडल्या, दहा तशाच आहेत. म्हणजे चार ठिकाणी रस्ता नऊ मीटर, दहा ठिकाणी सहा. माझ्या माहितीत अशा गल्ल्या आहेत ज्यांची कड बारा-पंधरा वर्षं करवतीच्या दात्यांसारखी आहे. त्या प्रत्येक खाचेत एक मोटार कायमची उभी. रस्ता रुंद झाला तो पार्किंगपुरता. चालणारा माणूस होता तिथेच, गाड्यांच्या मधून. आणि तो दीड मीटरचा पट्टा म्हणजे नेमकी कुंपणाची रेघ. तुमचा गुलमोहर, नारळ, सोनचाफा, सगळे तिथेच उभे असतात, कारण १९८६ मध्ये झाड लावायला तीच जागा उरली होती.

झाडांबद्दल लोकांची समजूत असते की कायदा आहे. आहे, १९७५चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणायचं ठरलं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी रोपं लावायची अटही आली. तुमची झाडं चाळीसच्या आतबाहेरची, म्हणजे वारशात बसत नाहीत. चाळीस रोपं लावली जातील, पण कुठे? बहुधा शहराच्या दुसऱ्या टोकाला. तुमच्या गल्लीला मिळतात फॉक्सटेल पामची सहा झाडं, कारण खाली तळघराचा स्लॅब आहे आणि वर अडीच फूट माती. त्या मातीत आंबा होत नाही, वडही होत नाही. मे महिन्यात दुपारी एक वाजता जुन्या गल्लीतून नव्या गल्लीत चालत जा, मग माझ्या बोलण्याला पुरावा लागणार नाही.

तळघराचं सविस्तर सांगतो, कारण ती माझीही चूक आहे. काही वर्षांपूर्वी कर्वे रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत मी सोसायटीच्या बाजूने होतो. सभासदांना प्रत्येकी दोन पार्किंग हवी होती आणि यांत्रिक पार्किंग नको होतं: 'लाईट गेली तर गाडी वर अडकेल'. बिल्डर म्हणाला, दोन तळघरं करू. मी होकार दिला. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. पाऊस त्या मुरमात साठतो आणि हळूहळू सरकत राहतो. जुन्या बंगल्यांच्या विहिरींना पाणी असतं ते याचंच. आम्ही सात मीटर खाली गेलो आणि तो मुरमाचा थर आरपार कापला. पंप लागले ते जवळजवळ वर्षभर बंद झाले नाहीत. चांगलं, स्वच्छ पाणी रात्रंदिवस पावसाळी गटारात. शेजारच्या बंगल्याची विहीर फेब्रुवारीतच कोरडी पडली. तिच्यावर तिघांची बाग आणि एका सोसायटीचं वरखर्चाचं पाणी होतं. पुढच्या जुलैत मागची कुंपणभिंत खड्ड्यात आली. कुणी खाली नव्हतं, हे नशीब. बिल्डरने भिंत बांधून दिली. विहीर कोण बांधून देणार? आज त्या इमारतीत पावसाळाभर तळघरातून पाणी उपसावं लागतं आणि विजेचं बिल सभासद भरतात, ज्यांना यांत्रिक पार्किंगच्या विजेची काळजी होती तेच.

तेव्हापासून हजार मीटरच्या प्लॉटवर मी एका तळघराच्या वर जाऊ देत नाही, आणि तेही कुंपणापर्यंत नेऊ देत नाही. मागच्या बाजूला निदान तीन मीटरची पट्टी, खाली स्लॅब नाही, फरशी नाही, खरी माती. पन्नास गाड्यांऐवजी पस्तीस. एक घर, एक गाडी. दुसरी हवी असेल तर स्टॅकवर, म्हणजे एकावर एक गाडी ठेवणाऱ्या यंत्रावर, स्वतःच्या पैशाने. बिल्डर म्हणतात, अशी घरं विकली जात नाहीत. मेट्रोपासून पाच मिनिटांवर जातात. मी विकलेली बघितली आहेत.

आवार अख्खं फरशीने मढवण्याचा आणखी एक परिणाम आहे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने केलेला कहर पुणेकर विसरलेले नाहीत. ओढ्यातली अतिक्रमणं, पुलांखालचा गाळ ही कारणं मोठी आहेतच. पण दक्षिण पुण्यातल्या हजारो आवारांतून पूर्वी जे पाणी जमिनीत मुरायचं, ते आता दहा मिनिटांत गटारात येतं. पर्जन्यजल संधारणाचा खड्डा प्रत्येक नकाशात असतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर त्यातला गाळ किती जणांनी काढला, ते आपल्या ओळखीच्या तीन सोसायट्यांत विचारा.

पाणी आणि ड्रेनेजबद्दल तुम्ही विचारलं आहे. माणशी रोज १३५ लिटर हा धरायचा आकडा. आजच्या चाळीस माणसांना ५,४०० लिटर लागतं, नव्या शंभरेकांना चौदा हजारांच्या आसपास. एका इमारतीपुरता हा फरक गल्लीतली लाईन सोसते. चौदाच्या चौदा इमारती अशा झाल्या तर नाही. प्रीमियमचे पैसे सरकारच्या आणि महापालिकेच्या तिजोरीत जातात, त्यातला रुपया तुमच्या गल्लीच्या पाइपवर खर्च होईल अशी तरतूद कुठे नाही. टीडीआरचंही तसंच: दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्याखाली गेलेल्या जमिनीचं बांधकाम इथे येऊन उतरतं, पण त्याच्याबरोबर पाइप येत नाही. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण पावसाळ्यात एकदा उघडून बघा. चाळीस वर्षांपूर्वीची मातीची लाईन असेल, आणि बिल्डर तिलाच जोडणी करणार असेल, तर पहिल्या मोठ्या पावसात तुमच्या तळघरात काय येईल हे मला सांगायला लावू नका. गल्लीच्या तोंडापर्यंतची लाईन स्वतःच्या खर्चाने बदलून देण्याची अट करारात घाला. चार प्रकल्प एकाच वेळी चालू आहेत म्हणता, तर चौघांत वाटून घ्यायला लावा. हे काम मी एकदा करून घेतलं आहे. चार बिल्डर एका टेबलावर आणायला सात महिने लागले, लाईन टाकायला नऊ दिवस.

आता सोसायटीच्या आतल्या लोकांबद्दल थोडं कडू बोलतो. 'बिल्डर हावरट' हे सगळ्यांना मान्य असतं. पण सभेत चालतं काय? शेजारच्यांना पस्तीस टक्के जादा मिळालं, आपल्याला चाळीस हवं. कॉर्पस, म्हणजे सोसायटीला मिळणारी ठेव, वाढवा. भाडं वाढवा. मॉड्युलर किचन, व्हिडिओ डोअरफोन. या प्रत्येक मागणीचे पैसे बिल्डर विक्रीच्या घरांतून काढतो, म्हणजे आणखी टीडीआर, आणखी एक मजला, आणखी गाड्या. ज्या सभासदाने चाळीस टक्क्यांसाठी तीन सभा लांबवल्या, तोच पुढे गल्लीतल्या गर्दीबद्दल वर्तमानपत्रात पत्र लिहितो. साठ मीटरच्या घरात दोघंच राहत असाल तर चौऱ्याऐंशी मीटर कशाला? झाडायला? वीस टक्क्यांवर थांबलेल्या एका सोसायटीने बदल्यात पाच मजल्यांची इमारत आणि आवारातली दोन आंब्याची झाडं ठेवली. असा सौदा होतो. फक्त तो मागणारा कुणीतरी लागतो.

आणि लहान घरं. तुमच्या सोळांत एक खोली-स्वयंपाकघर किंवा वन बीएचके किती आहेत? त्यांत भाड्याने राहणारी नर्स, बँकेतली नवी मुलगी, निवृत्त शिक्षक अशी माणसं असतात. नव्या इमारतीत ही घरं उरत नाहीत. परवडणाऱ्या लहान घरांची सक्ती चार हजार मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटना आहे, तुमच्या हजारला नाही. म्हणून एका गल्लीतून हळूहळू एका उत्पन्नगटाचीच माणसं उरतात. कोथरूड चालतं ते किष्किंधानगर, सुतारदरा, जय भवानीनगर चालण्याच्या अंतरावर आहेत म्हणून. शहर आत दाट करायचं म्हणजे निरनिराळ्या खिशांची माणसं जवळ राहणं, नुसते जादा चौरस फूट नव्हे. विक्रीच्या घरांतली निदान सहा-आठ लहान ठेवा, असं मी दर वेळी सुचवतो. दहातल्या आठ वेळा फेटाळलं जातं. कारण मिनिट्समध्ये लिहीत नाहीत, पण सभेत ऐकू येतं: 'भाडेकरू नकोत.'

तळमजल्याबद्दल शेवटची गोष्ट, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची. जुन्या इमारतीत जिन्याखाली इस्त्रीवाल्याचं टेबल असतं. त्याला तुमच्या चाव्या ठाऊक, कुरिअर तो घेतो, आजी दोन दिवस दिसल्या नाहीत तर तो विचारतो. पुनर्विकासाच्या नकाशात त्याच्यासाठी चौकोन नसतो. दोन वर्षं तो समोरच्या झाडाखाली काढतो, मग झाडही जातं. नवी इमारत उभी राहिल्यावर फाटकाशी रखवालदार बसतो, त्याच्या मोबाइलवर ॲप असतं, आणि गल्लीला दिसते ती तीस मीटर लांब पार्किंगची जाळी. संध्याकाळी तिथून चालताना कुणाची खिडकी दिसत नाही. आता मी रस्त्याच्या बाजूला दहा बाय आठची एक खोली, तिला लागून कामवाल्या बायकांसाठी आणि रखवालदारासाठी संडास, आणि बाहेर बसायला दगडी कट्टा, एवढं नकाशात आधीच काढून ठेवतो. खर्च एका पार्किंगइतका. एका सोसायटीत या खोलीत आज पिठाची गिरणी आहे आणि कट्ट्यावर जागा मिळत नाही.

मग सही? माझं मत: करा, पण आलेल्या ऑफरवर नाही. चाळीस वर्षांच्या आरसीसीला लोखंड फुगून स्लॅबचे पोपडे पडत असतील तर थांबण्यात शहाणपण नाही. आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, म्हणजे घाई खरी की दाखवलेली ते कळेल. सोसायटी सहकारी असेल तर सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ७९(अ)च्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सभेला दोन-तृतीयांश उपस्थिती आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते. बिल्डर निवडण्याच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी असतो, चित्रीकरण होतं. सोसायटीऐवजी अपार्टमेंट कायद्याखाली नोंदणी असेल तर गोष्ट वेगळी, वकिलाला विचारा. बँक गॅरंटी न देणाऱ्याशी पुढे बोलू नका. स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनेच बांधण्याचा, पर्याय २०१९च्या शासन निर्णयापासून आहे, पण रोज साइटवर जाणारे तीन धडधाकट सभासद नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

शेजारच्या सोसायटीशीही बोलून बघा. दोन प्लॉट एकत्र झाले तर मधलं कुंपण जातं, दोन रॅम्पऐवजी एक पुरतो, दोन्हीकडच्या मोकळ्या जागा जुळून मुलांना खेळायला अंगण मिळतं. माझ्या आख्ख्या कारकिर्दीत हे दोनदाच जमलं आहे, कारण दोन सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांचं एकमेकांशी बोलणं बंद असतं, बहुतेक वेळा पार्किंगवरून.

पुढच्या सभेत बिल्डर पडद्यावर गच्चीवरचा बगीचा दाखवेल. त्याला थांबवा आणि फक्त दोन नकाशे मागा: तळमजल्याचा आणि तळघराचा, मोजमापांसकट. त्यांवर आजची प्रत्येक झाडाची जागा लाल पेनाने खूण करा. मला पाठवायचे असतील तर तेच दोन पाठवा, वरच्या मजल्यांचा नको.